शेजारचं झाड

अकोला
२१ ऑगस्ट २०२५

आदरणीय फुफी,
अस्सलाम अलैकुम.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की जुलैत तुम्ही आम्हाला काविळीसाठी जे झाड दाखवलं, त्याची कॉलेजात ओळख पटली आणि सगळं जुळलं. ओळख पटली हे खरं. सगळं जुळलं हे खरं नाही. तो तरोटा निघाला.

तरोट्याची भाजी तुम्ही दर पावसाळ्यात लसूण घालून करता. मी ती इतकी खाल्ली आहे की कावीळ मला जन्मात होऊ नये. पण तो तुम्ही औषध म्हणून कुणाला दिलेला मला आठवत नाही. चौथीपर्यंत दम्यामुळे मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती तुमच्या दुकानातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. ओवा, बाळहिरडा, मुरडशेंग, सगळं तुम्ही शिकवलं. काविळीची पुडी तेवढी वरच्या फळीवर असायची, कुटलेली, आणि तिच्या डब्यावर चिठ्ठीच नव्हती.

त्या दिवशी बांधावर मी हे बोलायला हवं होतं. पण आमचे मार्गदर्शक गोवर्धन सर इतक्या आनंदाने मान हलवत होते की मला वाटलं, माझीच आठवण कच्ची असेल.

आता अडचण अशी. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची पुस्तिका निघते आहे, 'वऱ्हाडचा हिरवा वारसा'. बेचाळीस वनस्पती, पाचशे प्रती. वीस सप्टेंबरला कॉलेजच्या आरोग्य शिबिरात तिचं प्रकाशन आहे आणि ती येणाऱ्या लोकांना वाटणार आहेत. काविळीचं पान माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पातलं आहे. त्यावर हे छापायचं आहे: 'तरोट्याच्या पानांचा अर्धा कप रस, सकाळी अनशापोटी सात दिवस. कावीळ बरी होते.' हे तुम्ही रेकॉर्डरसमोर सांगितलं होतं, शब्दन् शब्द. मी पुन्हा ऐकलं.

तुमचं नाव छापतील असंही मी लिहिलं होतं. तेही दुरुस्त करते. 'स्थानिक महिला माहितीदार, वय अंदाजे साठ' असं छापणार आहेत. वयाचा अंदाज सरांचा.

फुफी, ते झाड तुम्ही नीट दाखवलं होतं ना? हे फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन दुकानात स्पीकरवर असतो आणि ऐकायला अर्धं चांदूर बाजार असतं.

तुमची,
फलक

●

चांदूर बाजार
२६ ऑगस्ट २०२५

फलक बेटा,
खूप दुवा.

आपल्या घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी. हे पत्र बाजारातलं समज.

पहिली गोष्ट, तुह्या सरले सांग की माह्यं वय चौपन्न आहे. साठ म्हने! हा माणूस झाडं वळखते का?

दुसरी गोष्ट. नाई, नीट नाई दाखवलं. शेजारचं दाखवलं.

तुही दादी मले सांगून गेली होती, बाहेरचा माणूस दवा पाहाले आला तर त्याले हाकलू नको, त्याचा अपमान करू नको, चहा पाज आन शेजारचं झाड दाखव. पण शेजारचं बी असं दाखव का खाल्लं तरी पोट दुखलं नाई पाह्यजे. त्याले काही भेटू नये आन त्याचं काही जाऊ नये. मी शेवगा दाखवला असता, पण तो तुह्या सरले बी माहीत असल. म्हनून तरोटा.

आता तू म्हनशील, फुफी, मी काय बाहेरची? तूच पाह्य. गळ्यात पट्टीले लटकवलेलं कार्ड. हातात आठ पानाचा फॉर्म. मागं सर, सरच्या मागं कॅमेरा. आन मले म्हनते, "माहितीदारांनी कृपया उजेडात बसावं." माही भाची आली असती तर तिनं आधी सांडशी घेऊन दूध उतरवलं असतं. फॉर्म आला, मी फॉर्मले उत्तर देल्लं.

सरनं इचारलं, "किती पिढ्यांपासून वापरता?" मी म्हटलं, सात. भल्लं खूश झालं ते. पाच म्हटलं असतं तरी झालं असतं, पण पाहुण्याले कमी काहून द्यावं?

तरोट्यानं कोनी मरत नाई. छापू दे. खरी दवा कागदावर मागू नको. कावीळ मी तुले शिकवलीच नाई, ते सगळ्यात शेवटी शिकवाची असते.

दम्याचा काढा घेऊन राहिली का? का तो बी पुस्तकात पाहून घेतेस?

जहाँआरा फुफी

●

अकोला
१ सप्टेंबर २०२५

आदरणीय फुफी,
सलाम.

काढा घेते आहे. सरांना तुमचं वय सांगितलं. ते म्हणाले, "अंदाजे लिहिलंय ना."

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, काविळीचं पान काढायला हवं, झाड चुकलं आहे. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते समजूत घालतात, घातला की रागावतात.

"चुकलं म्हणजे? ओळख तर मीच पक्की केली."

"ओळख बरोबर आहे सर. झाडच दुसरं दाखवलं होतं."

"कुणी?"

मी पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे बघ, आपण लोक काय सांगतात त्याची नोंद करतो. ते खरं की खोटं, तो मेडिकलवाल्यांचा विषय."

"पण सर, पुस्तिकेत 'कावीळ बरी होते' असं आहे. 'बरी होते असं लोक सांगतात' असं नाही."

"जागा कमी होती."

मग त्यांनी चष्मा घातला. म्हणाले, "तुझी आत्या खोटं बोलली असं लेखी देशील? दे. मग बाकीच्या एकेचाळीस झाडांचं काय करायचं तेही तूच सांग. आणि तुझ्या प्रकल्पाचं काय, तेही." प्रकल्प गेला तर माझं सेमिस्टर गेलं. हे त्यांनी सांगितलं नाही. ते चांगले आहेत, उघड धमकी देत नाहीत.

मी परत आले. खरं तर तुमच्या वाक्यावर मी निजणार होते, 'तरोट्यानं कोनी मरत नाई'. पण आता आणखी एक झालं आहे.

आमच्या मेसमध्ये नत्थुजी म्हणून स्वयंपाकी आहेत. पंचेचाळीस-पन्नासचे असतील. गेल्या आठवड्यात मी मेसच्या टेबलावर त्या पानाचं मुद्रितशोधन करत होते. स्वल्पविराम तपासत होते, फुफी. 'अनशापोटी'च्या पुढे एक हवा होता, तो मी दिला. नत्थुजींनी पान मागितलं, वाचलं, आणि "बेस लिहिलं ताई" म्हणाले. काल माझी रूममेट आचल म्हणाली, "नत्थुजीचे डोळे पाह्यले का? हळद घातल्यासारखे." मी स्वयंपाकघरात गेले. पाट्यावर हिरवा लगदा आणि शेजारी अर्धा कप. माप बरोबर अर्धा कप.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"चौथा. तीन राह्यले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"आता काहून? तुमी लिहिलं ना सात दिवस."

मी त्यांना रस बंद करा आणि दवाखान्यात जा असं सांगितलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? लवकर लिहा.

फलक

●

चांदूर बाजार
५ सप्टेंबर २०२५

फलक बेटा,

काल फोनवर मी ओरडली, त्याची माफी मागत नाई. तुहं पत्र पोस्टमननं दुपारी देल्लं आन मी दुकानातूनच फोन लावला. स्पीकर चालू होता. अर्ध्या बाजारानं ऐकलं. ऐकू दे. तू त्याले संध्याकाळी दवाखान्यात नेलं म्हनून दुकानातल्या परवेजनं तुहा फोन घेऊन सांगतलं तवा मी जेवली.

ओरडण्यात जे राह्यलं ते आता लिहिते. तुले कावीळ शिकवते. शेवटी शिकवाची होती, आता शेवट समज.

माणूस पिवळा होऊन माह्यापाशी आला का मी आधी त्याले काहीच देत नाई. बसवते. ताप आहे का पाह्यते. ताप असल तर परत. पानी पोटात राहत नसल तर परत. दिवसा झोपून राहत असल, का बोलता बोलता भलतंच बोलत असल, तर बसवत बी नाई, तिथूनच अमरावतीच्या गाडीत. पोटुशी बाई, परत. दारू पिनारा, परत. पंधरा दिवस झाले आन डोळे तसेच, परत. नखातून, हिरड्यातून रगत येत असल तर मीच संगं जाते. दहा आले तर सहा मी दवाखान्यात पाठवते. राह्यलेले चार पथ्यानं आन खुदाच्या मेहेरबानीनं बरे होतेत, आन नाव माह्या पुडीचं होते.

पुडीत काय आहे हेच जर मोठं असतं, तर तुले मी ओव्याच्या आधी शिकवलं असतं.

हे मी तुह्या सरले काहून नाई सांगतलं? त्यानं इचारलंच नाई. आठ पानं होती. झाडाचं नाव, कोनतं पान, कोनती मुळी, किती कप, किती दिवस, किती पिढ्या. 'कोनाले द्यायची नाई' असा रकानाच नव्हता. आन असता तरी मी खोटंच सांगतलं असतं. दवावाली दवा देत नाई, लोकाइले घरी पाठवते, असं बाजारात समजलं तर माह्यापाशी कोन येईल? आन कोनी आलंच नाई, तर त्या सहाले दवाखान्यात कोन पाठवन?

म्हनून ते झाकून ठेवलं. झाड झाकलं ते नुसतं लोकाइच्या समाधानासाठी, झाकलेल्या दवेवर भरोसा बसते म्हनून.

नत्थुजीले काय म्हनते डॉक्टर? खरं लिहिजो. तुले खरं लिहिता येते, फक्त उशिरा येते.

फुफी

●

अकोला
११ सप्टेंबर २०२५

आदरणीय फुफी,

उशिरा येतं, म्हणून आता लिहिते.

एक तारखेच्या पत्रात मी लिहिलं की नत्थुजींना मी रस बंद करायला सांगितलं. तसं झालं नाही. मी म्हटलं, "रसाने काही अपाय नाही नत्थुजी, पण जमलं तर डॉक्टरांनाही दाखवा." 'जमलं तर' मी मुद्दाम घातलं. पान माझं होतं, आणि ते पान चुकलं असं स्वयंपाकघरात उभं राहून, चार मुलींसमोर कबूल करायचं मला जमलं नाही. तुमचा फोन आला चार तारखेला. मधले तीन दिवस त्यांनी रस घेतला, सात पूर्ण केले. माझ्यावर विश्वास ठेवून पूर्ण केले.

दवाखान्यात तपासणारी डॉक्टर माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल. तिने विचारलं, "आठवडाभर कुठे होता? ताप कधीपासून?"

नत्थुजी म्हणाले, "ताप पयल्या दिवसापासूनच होता. औषध चालू होतं ना."

"कोणतं औषध?"

नत्थुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. अभिमानाने दाखवलं, फुफी. "पुस्तकात आहे. या ताईनंच लिहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. लिहीत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली की यकृताला बरीच सूज आहे, आणखी दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर तिने काहीच खात्रीने सांगितलं नसतं. आता सांगते आहे, वाचतील, पण दोन-तीन महिने चुलीपुढे उभं राहता येणार नाही. त्यांची बायको करिश्मा सध्या मेस सांभाळते. मला वाढताना तिने काल दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि म्हणाली, "ताई, तुमी नेलं म्हनून वाचले." मी त्या पोळ्या खाल्ल्या. न खाऊन काय सांगणार होते?

ताप पहिल्या दिवसापासून होता. तुमच्याकडे आले असते तर बाकड्यावरून उठवून तुम्ही त्यांना गाडीत बसवलं असतं. माझ्या पानाने त्यांना सात दिवस घरी बसवलं. तरोटा निरुपद्रवी आहे हे अगदी बरोबर. उपद्रव छापील अक्षरांचा आहे.

आता पाचशे घरांत ते पान जाणार आहे. मी सरांकडे अर्ज दिला, पान काढा किंवा निदान शुद्धिपत्र चिकटवा. सर म्हणाले, "प्रकाशनानंतर पाहू." वर एक आनंदाची बातमी दिली: कार्यक्रमात मला दहा मिनिटं बोलायचं आहे, 'पारंपरिक ज्ञानाची नवी वारसदार' म्हणून. तुम्हालाही बोलावणं येईल, शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. माहितीदाराला नाव द्यायला जागा नव्हती, शालीला मात्र आहे.

मला परवानगी हवी आहे. दोन गोष्टींची. तुम्ही शेजारचं झाड दाखवलं हे सांगण्याची, आणि दहातल्या सहांना तुम्ही परत पाठवता हे सांगण्याची. पहिलीने तुमचा शब्द जातो, दुसरीने तुमचं दुकान. तुम्ही नाही म्हणालात तर मी फक्त 'माझी नोंद चुकली' एवढंच सांगेन. पण तेवढ्याने कुणी दवाखान्यात जाणार नाही. ते फक्त तरोट्याऐवजी दुसरं झाड शोधतील.

फलक

●

चांदूर बाजार
१५ सप्टेंबर २०२५

फलक बेटा,

बोलावणं आलं. 'सौ. जहानाबाई' असं लिहून आलं. मी ना सौभाग्यवती, ना जहानाबाई. शाल पोस्टानं पाठवा म्हनून सांग.

तुहं पत्र वाचून दोन दिवस मी काहीच लिहिलं नाई. रागानं नाई. तू एका माणसाले चार पोरींसमोर खरं सांगू शकली नाई, आन मी इतकी वर्सं अख्ख्या बाजारासमोर सांगतलं नाई. कोन कोनाले रागावन?

मंग मी ठरवलं का पयले आपन करून पाहू. मैनाबाई आली होती, रिद्धपूरची, माह्यी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिच्या दोन पोराइची कावीळ माह्या पुडीनं गेली असं ती गावभर सांगते. मी तिले बसवलं आन सगळं सांगतलं.

ती म्हने, "मंग तू माह्या पोराइले काय देल्लं?"

म्हटलं, "पुडी. आन तेल-तूप बंद कर, निजवून ठेव, पानी उकळून पाज, हे सांगतलं होतं."

"म्हंजे पोरं निजून बरे झाले?"

"हो."

"मंग निजा म्हनूनच सांगतलं असतं!"

"निज म्हटलेलं कोनी ऐकते का? पुडी देल्ली म्हनून सात दिवस ऐकलं तू."

तिनं पिशवी उचलली. मले वाटलं, उठली आता, गेली. मंग म्हने, "माह्या भावाले, शेषरावले, परत पाठवलं होतं तू, मागच्या साली. मी तुले घरी जाऊन शिव्या देल्ल्या होत्या. दवाखान्यात त्याले अठरा दिवस ठेवलं." मंग ओवा घेतला आन गेली. पुढच्या बाजारी येते का नाई, मले माहीत नाई. तिनं जिले जिले सांगतलं असल, त्या बी येतेत का नाई, माहीत नाई. कालच्या बाजारी काविळीचं कोनी आलं नाई. पावसाळ्यात असं कधी झालं नाई.

तर सांग. दोन्ही सांग. 'फुफी खोटं बोलली' म्हन, 'शेजारचं दाखवलं' असं गोड करून नको सांगू. माह्यं नाव बरोबर घे. आन दहा मिनिटं असल तर वारसा-बिरसा सोड, कोनाले परत पाठवाचं ते आधी सांग, तवापर्यंत लोक जागे असतेत.

झाडाचं नाव नाई सांगाचं. ते तुले बी नाई सांगत. सांगतलं तर तू छापशील.

काढा घे.

जहाँआरा

●

अकोला
१७ सप्टेंबर २०२५

आदरणीय फुफी,

तुमचं पत्र आज मिळालं. आजच सरांना जाऊन सांगितलं की मी शिबिरात काय बोलणार आहे. न सांगता बोलले असते तर तेही शेजारचं झाड दाखवल्यासारखं झालं असतं. ते चष्मा घालून ऐकत होते. म्हणाले, "मग तुझा प्रकल्प मी मान्य करू शकत नाही." मी म्हटलं, "मीही नाही करू शकत, सर." हे मी धीटपणे म्हटलं असं तुम्हाला वाटू नये. सरांच्या टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या धक्क्याने पडली. पाणी त्यांच्या फायलींवर गेलं. पुसता पुसता ते म्हणाले, "माईक तुझ्याकडून मी काढून घेऊ शकतो, हे लक्षात ठेव."

काढून घेतला तर मी वाटपाच्या टेबलाजवळ उभी राहीन. तिथं स्वयंसेवक कमी आहेत, त्यांना मी लागणारच. पाचशे माणसांना एकेक करून सांगायला वेळ लागेल, पण मला सवय आहे एकच गोष्ट दहादा सांगायची.

तुम्ही सांगितलेलं मी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवलं आहे. ताप, उलट्या, झोप, भलतं बोलणं, पोटुशी, दारू, पंधरा दिवस, रक्त. घड्याळ लावून वाचलं, अडीच मिनिटं लागतात. त्यानंतर तुमचं पूर्ण नाव आणि तुमचं खरं वय. मग तुम्ही काय खोटं बोललात ते, आणि मी काय लपवलं ते. माझं जास्त लांब आहे. ते आधी आचलसमोर म्हणून पाहिलं, ती रडली नाही, म्हणाली, "जरा हळू बोल, पळून राहिलीस."

हळू बोलेन. शनिवार, २० सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता.

फलक